जीन बदललेली मधमाशी: भांडण नेमकं कशावर चाललंय?

मधमाशीच्या जीनमध्ये कुठल्यातरी लॅबने बदल केला अशी बातमी आली की दोन फळ्या ताबडतोब पडतात. एका फळीला भस्मासुर दिसतो, माणसाने निसर्गात हात घातला, आता ही माशी पसरणार, मूळ माशा संपवणार, मधातून आपल्या पोटात जाणार वगैरे वगैरे. दुसऱ्या फळीला लगेच सुपरमाशी दिसायला लागते, हिला रोग होणार नाही, परजीवी चिकटणार नाही, फवारणीने ही मरणार नाही, म्हणजे जगाच्या अन्नाचा प्रश्नच मिटला. आणि गंमत अशी की दोन्हीकडच्यांना विचारा, बाबांनो त्या लॅबमध्ये नक्की केलं काय, अंड्यात सुई घातली, की पाकात काही मिसळून पाजलं, की माशीच्या आतड्यातल्या जिवाणूत बदल केला, तर बहुतेकांना ते माहीतच नसतं. म्हणजे भांडण कडाक्याचं, पण कशावर भांडतोय तेच ठरलेलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बंद लॅबमध्ये मधमाशीच्या जीनवर काम व्हायला हवं, आत्ता होतंय त्यापेक्षा जास्त व्हायला हवं. आणि अशी माशी उघड्यावर सोडायला आजच्या घडीला माझा साफ विरोध आहे. हे कुंपणावर बसल्यासारखं वाटेल, पण ही दोन्ही उत्तरं एकाच कसोटीतून निघतात: केलेली गोष्ट आपोआप पसरते का, आणि चूक झाली तर ती माघारी घेता येते का. क्रिस्पर (जीन नेमक्या जागी कापायचं तंत्र) वापरलं की नाही, परका जीन घातला की नाही हे त्या मानाने दुय्यम आहे, आणि आपली अख्खी चर्चा (आणि बऱ्याच ठिकाणचे कायदेसुद्धा) नेमकी त्या दुय्यम गोष्टीभोवती फिरतेय.

आधी हे बघू की "जेनेटिक बदल" या एका नावाखाली किती वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पहिली म्हणजे आरएनए-इंटरफिअरन्स. माशीला दुपदरी आरएनए टोचायचा किंवा साखरेच्या पाकातून पाजायचा, तिच्या पेशी तो ओळखतात आणि त्याच्याशी जुळणारा संदेश कापून टाकतात, म्हणजे ठरावीक जीनचा आवाज काही दिवस बारीक होतो. डीएनएला हात लागत नाही, पुढच्या पिढीत काही जात नाही. दुसरी गोष्ट जिवाणूंची. मधमाशीच्या आतड्यात स्नॉडग्रासेला आल्वी नावाचा जिवाणू कायम मुक्कामाला असतो. २०२० मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी तो जिवाणूच असा बदलला की तो आतड्यात बसून दुपदरी आरएनए बनवत राहतो, आणि त्यामुळे पंख वाकडे करणाऱ्या व्हायरसला आणि व्हरोआ माइटला (माशीच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवीला) अटकाव होतो. इथे माशी जशीच्या तशी, बदललेलं काय तर तिच्या पोटातलं बिऱ्हाड. आणि तिसरी गोष्ट म्हणजे खरोखर माशीचा स्वतःचा जीन बदलणं, जो तिच्या मुलांत, नातवंडांत उतरतो. या तिन्हींना एकच लेबल लावून "हवं की नको" असं विचारायचं म्हणजे प्रश्नच चुकला की.

तिसरी गोष्ट किती अवघड आहे याचा अंदाज फार कमी लोकांना असतो. फळमाशीत हे काम १९८० च्या दशकापासून चाललंय. मधमाशीचा जीनोम २००६ मध्ये वाचून झाला तरी पहिली ट्रान्सजेनिक, म्हणजे परका जीन घातलेली मधमाशी यायला २०१४ उजाडलं, जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या गटाने ती केली, आणि क्रिस्परने जीन बंद केलेली मधमाशी जपानमध्ये २०१६ मध्ये आली. उशीर का? कारण माशी एकटी जगतच नाही. अंडं घातल्यावर पहिल्या काही तासांत त्यात अतिबारीक सुईने टोचावं लागतं, तीनेक दिवसांनी अळी बाहेर येते, मग ती इनक्युबेटरमध्ये पस्तीसच्या आसपास तापमानात रॉयल जेलीवर वाढवायची, त्यातून राणी निघाली तर ती पोळ्यात घालायची आणि कामकरी माशा तिला स्वीकारतात का मारतात ते बघत बसायचं. बरं ती राणीसुद्धा अर्धवट, काही पेशींत बदल झालेला, काहींत नाही. सुदैव एवढंच की मधमाशीत नर हा न फळलेल्या अंड्यातून होतो, त्याच्याकडे प्रत्येक जीनची एकच प्रत, त्यामुळे त्या राणीच्या मुलांमध्ये बदल असेल तर तो सगळ्या पेशींत आणि लपून न राहता दिसतो. मग त्या नराचं वीर्य घेऊन दुसऱ्या राणीत मायक्रोस्कोपखाली कृत्रिम रेतन करायचं. एवढं सगळं झालं की कुठे एक वंश हाताशी येतो. (वाटाण्यांवाल्या मेंडेलने सुद्धा मधमाशा पाळल्या होत्या, संकर करून बघायचा खटाटोप केला होता, आणि राणीचं मीलन काही त्याच्या ताब्यात आलं नाही. ती मोकळ्या हवेत, उडता उडता, एकदोन नाही तर दहा-वीस नरांशी मीलन करते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर येऊन थांबणार आहे.)

मग एवढा उपद्व्याप कशासाठी? माझ्या मते समर्थकांचं सगळ्यात मोठं पाप हे की ते याचं उत्तर "सुपरमाशी" असं देतात. आत्तापर्यंतचं खरं फळ सुपरमाशी नाहीये, ते ज्ञान आहे, आणि ते साधंसुधं ज्ञान नाही. राणी आणि कामकरी दोघींचा जीनोम एकसारखा, फरक पडतो तो अळीपणी मिळणाऱ्या खाण्याने, हे शाळेच्या पुस्तकातसुद्धा असतं. पण खाणं शरीरापर्यंत पोचतं कसं? २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अळ्यांमध्ये आरएनए वापरून डीएनएवर मिथाइलच्या (जीन चालू-बंद ठेवायला मदत करणाऱ्या) खुणा लावणारं एक एन्झाइम दाबलं, तर साध्या अळ्यांतूनही मोठ्या प्रमाणात राणीसारख्या माशा निघाल्या. २०१९ मध्ये ड्युसेलडॉर्फच्याच गटाने क्रिस्परने फेमिनायझर नावाचा जीन बंद करून दाखवलं की कामकरी माशीचं खाणं खाऊनही त्या माद्यांमध्ये नरासारखी मोठी जननग्रंथी वाढते, म्हणजे "कमी खाल्लं म्हणून अंडाशय लहान राहिलं" एवढं ते सरळ नाही, खाण्याचा परिणाम व्हायला त्या जीनची परवानगी लागते. २०२३ मध्ये मधमाशीच्या मेंदूतल्या पेशी काम करताना चमकतील असा सेन्सर जीनमार्फत घातला गेला, आता वास घेताना मेंदूच्या कुठल्या भागात काय होतं ते एकाच माशीत बघता येतं. हे सगळं नुसतं निरीक्षण करून कळलं असतं का? हजार पोळी तपासून तुम्हाला एवढंच सांगता येतं की हा जीन आणि तो गुण बरोबर बरोबर आढळतात. बरोबर आढळणं आणि त्याच्यामुळे घडणं यात फरक आहे, आणि तो फरक सोडवायचा तर जीन बंद करून बघण्याला फारसा पर्याय नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा घेऊ, आणि तो मी त्यांच्यापेक्षाही जोरात मांडतो कारण इतिहास त्यांच्या बाजूने आहे. "लॅबमध्ये बंद ठेवू म्हणता, पण बंद राहतं का?" १९५६ मध्ये वॉरविक केर नावाच्या ब्राझीलच्या जनुकशास्त्रज्ञाने आफ्रिकेतून राण्या आणल्या. हेतू चांगलाच होता, उष्ण हवेत टिकणारी आणि भरपूर मध देणारी माशी तयार करायची. त्या रिओ क्लारो गावाजवळ पेट्यांत ठेवल्या होत्या, राणी बाहेर पडू नये म्हणून दाराला जाळ्या लावल्या होत्या. १९५७ मध्ये भेटीला आलेल्या एका मधपाळाने, चांगल्याच भावनेने, त्या जाळ्या काढल्या. २६ राण्या आपापले थवे घेऊन निघून गेल्या. त्यांचे वंशज वर्षाला शेकडो किलोमीटर पुढे सरकत १९९० मध्ये अमेरिकेत टेक्सासला पोचले, आणि वाटेत जवळजवळ सगळ्या पाळीव माशांचा स्वभाव चिडका, हल्लेखोर करून गेले, माणसं मेली, जनावरं मेली. म्हणजे हा जगातला कुप्रसिद्ध मधमाशी-अपघात रिसर्चमधूनच झालेला आहे, शास्त्रज्ञाच्याच पेट्यांतून, एका जाळीमुळे. यावर "आमचे प्रोटोकॉल आता फार कडक आहेत" एवढंच म्हणून पुढे जाणाऱ्या माणसावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. शिवाय आणखी एक गोष्ट समर्थक सांगत नाहीत, बंद खोलीत किंवा तंबूत मधमाशीची वसाहत फार दिवस नीट राहत नाही, तिला लांब उडायला लागतं, फुलं लागतात. म्हणजे वागणुकीवर संशोधन करणाऱ्याला "जरा बाहेर सोडून बघू" असा मोह होणारच, आणि तो मोह पुढे वाढतच जाणार.

हे सगळं मान्य. पण मग त्याच गोष्टीकडे अजून एकदा बघा. केरच्या माशांमध्ये कोणता जीन घातला होता? एकही नाही. ती शुद्ध नैसर्गिक, हजारो वर्षं निसर्गानेच घडवलेली माशी होती, आणि म्हणूनच ती एवढी जोरात पसरली. दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं आहे आणि ते त्याहून विचित्र आहे. तिथल्या केप भागातल्या मधमाशीत कामकरी माशासुद्धा नराशिवाय मादी पिल्लं घालू शकतात, स्वतःच्या कॉप्या काढल्यासारख्या. १९९० मध्ये मधपाळांनी अशी पोळी उचलून उत्तरेकडे नेली जिथे दुसरी उपजात राहते. त्यातल्या एका कामकरी माशीचा वंश दुसऱ्यांच्या पोळ्यांत घुसायला लागला, तिथे अंडी घालायची, काम करायचं नाही, पोळं कोसळेपर्यंत खायचं, मग पुढचं पोळं. हजारो वसाहती गेल्या. इथे ना लॅब, ना शास्त्रज्ञ, ना सुई, फक्त पेट्या भरलेल्या गाड्या. आणि व्हरोआ? तो माइट मुळात एपिस सेराना म्हणजे सातेरी माशीवर राहणारा, तिने त्याच्याशी जुळवून घेतलेलं. विसाव्या शतकात माणसाने दोन जातीच्या माशा शेजारी शेजारी आणल्या तेव्हा तो पश्चिमी मधमाशीवर उडी मारून गेला, आणि मग राण्यांच्या आणि पोळ्यांच्या व्यापारातून जगभर. अमेरिकेत १९८७, न्यूझीलंडमध्ये २०००, ऑस्ट्रेलियात २०२२. ऑस्ट्रेलियाने तो उखडून काढायचा जिवापाड प्रयत्न केला आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हात टेकले.

म्हणजे मधमाशीच्या बाबतीत माणसाने केलेल्या तिन्ही मोठ्या गोंधळांत जीन-तंत्रज्ञानाचा काडीचाही संबंध नाही, तिन्हींत संबंध आहे तो एका जागची जिवंत, पसरणारी गोष्ट दुसऱ्या जागी नेण्याचा. आता कायद्याकडे बघा. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये ठरवलं की क्रिस्परसारख्या नव्या पद्धतीने केलेला अगदी बारीक बदलसुद्धा जीएमच्या (जेनेटिकली मॉडिफाइड, म्हणजे जीन बदललेल्या जीवांच्या) कडक नियमांत येतो, पण रेडिएशन किंवा रसायनांनी जीनोममध्ये अंदाधुंद बदल करायची जुनी पद्धत त्यातून सूट मिळवते, कारण ती खूप वर्षं वापरात आहे. ते प्रकरण वनस्पतींचं होतं, पण विचाराची दिशा बघा. या हिशोबाने केर आज राण्या घेऊन आला असता तर "जेनेटिकली मॉडिफाइड आहे का" या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे "नाही" लिहिलं असतं आणि जीएमच्या खिडकीतून त्याची फाइल सुखाने पुढे गेली असती. आणि बंद खोलीतली, चमकणारा मेंदू असलेली, बाहेर सोडली तर जास्तच दुबळी ठरेल अशी माशी मात्र दहा समित्यांपुढे उभी. आपण नेमकं कशाला घाबरतोय?

पण थांबा, मीही इथे सोयीस्कर बोलतोय असं एखादा चाणाक्ष वाचक म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल. लॅबमधली माशी दुबळी असते म्हणून धोका कमी, हा युक्तिवाद फक्त जीन मोडून बघणाऱ्या संशोधनाला लागू पडतो. जीन बंद केला की बहुतेक वेळा प्राण्याचं नुकसानच होतं, नरांकडे एकच प्रत असल्यामुळे असा खराब जीन उघडा पडतो आणि निसर्ग त्याला गाळून टाकतो. पण उद्या कोणी व्हरोआला दाद न देणारी माशी खरंच बनवली तर? ती दुबळी नसेल, ती शेजारच्या पोळ्यांपेक्षा सरस असेल, आणि सरस असणं हेच तर पसरण्याचं इंधन. म्हणजे तंत्र जितकं यशस्वी तितकं ते आवरायला अवघड. माझा विरोध इथे सुरू होतो, आणि तो "निसर्गात ढवळाढवळ नको" या कारणाने नाही. मधमाशी पाळीव असली तरी गाय-कोंबडीसारखी पाळीव नाही. गोठ्यातली गाय कोणाच्या वळूकडे जाणार ते मालक ठरवतो, राणी कुठल्या नरांशी मीलन करणार ते कुठल्याही मधपाळाच्या हातात नसतं, नर तर काही किलोमीटर लांबून येतात. मी माझ्या पेटीत काय ठेवतो हा माझा खाजगी निर्णय राहतच नाही, पुढच्या वर्षी तो शेजाऱ्याच्या पेटीत असतो, दहा वर्षांनी रानातल्या झाडाच्या ढोलीत. ज्याने कधी होकार दिला नाही त्याच्या पोळ्यात ती गोष्ट जाणार असेल तर होकार नक्की कोणाचा घ्यायचा? याचं धड उत्तर कोणाकडे नाही, आणि ते येईपर्यंत सोडणं नको.

पसरणं हाच मुद्दा का महत्त्वाचा, याचं उलट बाजूचं उदाहरणही आहे. जनावरांच्या जखमेत अळ्या पाडणारी स्क्रूवर्म नावाची माशी १९५४ मध्ये क्युरासाओ बेटावरून कशी संपवली? लॅबमध्ये वाढवलेल्या माश्यांवर रेडिएशन मारून त्यांची गुणसूत्रं पार खिळखिळी केली आणि त्या सोडल्या. जनुकीय बदल म्हणाल तर तो प्रचंड, क्रिस्परच्या एका नेमक्या कापापेक्षा कितीतरी जास्त अंदाधुंद. पण त्या नपुंसक होत्या, एक पिढी जगल्या आणि संपल्या. सोडणं थांबवलं की विषय बंद. उघड्यावर सोडूनही ते चाललं कारण ते माघारी घेता येत होतं. राणी माशी आणि तिच्या वंशाबद्दल असं म्हणता येत नाही.

काही जण म्हणतात मग हे सगळं कशाला, निवड पद्धतीने चांगल्या माशा तयार होतातच की. या मुद्द्याला मी अर्ध्याहून जास्त मार्क देतो. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये १५० वसाहती औषध न देता तशाच सोडून दिल्या होत्या, बहुतेक मेल्या, पण ज्या थोड्या उरल्या त्यांच्यात माइटची वाढच कमी होते असं दिसलं. व्हरोआ लागलेली पिल्लं ओळखून बाहेर काढणाऱ्या माशांचे वंशही नुसत्या निवडीने तयार झालेत. हे काम कुठल्याही क्रिस्परपेक्षा मधपाळाला आज जास्त उपयोगी आहे. पण या पद्धतीची एक अडचण अशी की मधमाशीत जीनची सरमिसळ प्राण्यांमधल्या सगळ्यात जास्त दरांपैकी एका दराने होते, वरून दहा-वीस नर, त्यामुळे कष्टाने जमवलेला गुण चार पिढ्यांत विरघळून जातो आणि निवड करणाऱ्याला कळतही नाही की नेमकं काय निसटलं. कोणते जीन त्या गुणामागे खरे आहेत हे लॅबमध्ये एकदा तपासून घेतलं तर निवड करणारा साध्या डीएनए टेस्टने राण्या निवडू शकतो, बाहेर एकही बदललेली माशी न सोडता. म्हणजे या दोन पद्धती एकमेकींच्या वैरी आहेत हे कोणी ठरवलं?

कीटकनाशकांचा मुद्दा मात्र असा आहे जिथे मला विरोधकांचा संशय पूर्ण रास्त वाटतो. फवारणीने न मरणारी माशी ही कल्पना ऐकायला छान, पण ती कोणाच्या सोयीची आहे ते बघा. मधमाशी मरते म्हणून तर लोकांनी आरडाओरडा केला, म्हणून तर युरोपने २०१८ मध्ये निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांवर उघड्या शेतात बंदी घातली. मधमाशी मरेनाशी झाली की ओरडायला कोण उरणार? जगात मधमाशीखेरीज तिच्याच नात्यातल्या, परागकण गोळा करणाऱ्या माशांच्या वीस हजारच्या आसपास जाती आहेत, बहुतेक एकट्या राहणाऱ्या, कोणाच्या पेटीत नसलेल्या, त्यांच्यासाठी कोणी जीन बदलणार नाहीये. पाळीव मधमाशी तर जगात नाहीशीही होत नाहीये, पेट्यांची एकूण संख्या गेल्या पन्नास-साठ वर्षांत वाढलेलीच आहे, हाल चाललेत ते रानातल्या जातींचे. तेव्हा कीटकनाशकाला तोंड देणारी मधमाशी हा उपाय नाही, ती धोक्याची घंटा काढून टाकणं आहे, आणि असा प्रकल्प कोणी मांडला तर त्याला माझा पहिला विरोध असेल.

पण याच विषयात जीन-तंत्राने विरोधकांच्या हातात केवढं हत्यार दिलंय ते त्यांनाच माहीत नसतं! एकाच गटातली दोन निओनिकोटिनॉइड्स, एकाने मधमाशी पटकन मरते आणि दुसऱ्याने तुलनेत बरीच तगते, असं का? २०१८ मध्ये उलगडा झाला की माशीच्या शरीरातली एक विशिष्ट एन्झाइम थायाक्लोप्रिडची वाट लावते पण इमिडाक्लोप्रिडपुढे तिचं फारसं चालत नाही. हे सिद्ध कसं केलं? मधमाशीचा तो जीन फळमाशीत घालून. म्हणजे ट्रान्सजेनिक प्रयोगच, पण बंद बाटलीतला. आता एखादं नवं रसायन बाजारात यायच्या आधीच विचारता येतं की बाबा माशीची ही एन्झाइम त्याला फोडू शकते का. जीनला हात लावायलाच नको म्हणणारे हा प्रयोगही बंद पाडतील, आणि मग फायदा कोणाचा होईल?

माझी कसोटी लावली की काही उत्तरं अनपेक्षित येतात, आणि म्हणूनच ती मला बरी वाटते. जिवाणूवाली पद्धत घ्या. ऐकायला ती सगळ्यात सौम्य, माशीच्या जीनला धक्काही नाही, प्रोबायोटिक म्हणून विकता येईल अशी. पण हा जिवाणू एका माशीकडून दुसरीकडे सहवासातून जातो, माशा चुकून शेजारच्या पेटीत शिरतात, दुबळी पोळी लुटतात. म्हणजे इथे पसरायला राणी, मीलन, पिढी काहीच लागत नाही. संशोधकांचं म्हणणं की हा जिवाणू माशीच्या आतड्याबाहेर नीट जगत नाही, त्यात तथ्य आहे, पण आतडी तर सगळीकडे उडतायत ना! म्हणून माझ्या मते बदललेला जिवाणू शेतातल्या पेटीत घालण्यावर जितकी चौकशी व्हायला हवी तितकी लॅबमधल्या क्रिस्पर माशीवर नको. जीन बदलण्याच्या धोक्यांवर भरलेल्या १९७५ च्या असिलोमार परिषदेत खुद्द शास्त्रज्ञांनीच ठरवलं होतं की प्रयोगासाठी असे पांगळे जिवाणू वापरायचे जे लॅबबाहेर तगणारच नाहीत. जो कोणी मधमाशीचा जिवाणू बदलतोय त्याला आधी हे विचारा की तुझा जिवाणू तितका पांगळा आहे का, आणि त्याचा पुरावा कुठे आहे.

राहिला कंपन्यांचा प्रश्न. "उद्या मधमाशीवर पेटंट घेतील, मधपाळाला दरवर्षी राणी विकत घ्यावी लागेल." भीती खरी आहे, बियाण्यांच्या बाबतीत माणसं हे भोगून बसलीत. पण इथे तीच गोष्ट आड येते, राणीचं मोकळ्या हवेतलं मीलन. ज्या मालाचा वंश दुसऱ्या वर्षी सगळ्या पंचक्रोशीत फुकट वाटला जातो त्या मालावर कंपनी पैसे कशी लावेल? धंद्याच्या नजरेने बघितलं तर पैसा माशीत नाहीच, पैसा आहे दरवर्षी पुन्हा विकता येईल अशा पाकात. आणि गोष्टी तशाच घडल्यात. एका व्हायरसविरुद्ध पाकातून पाजायचा दुपदरी आरएनए बीओलॉजिक्स नावाच्या छोट्या कंपनीने काढला, मोठ्या चाचण्या केल्या, आणि २०११ मध्ये ती कंपनी मोन्सँटोने विकत घेतली. विरोधाचे बोर्ड मात्र अजून भस्मासुर माशीच्या चित्राचेच.

पाकातला आरएनए माझ्या कसोटीवर बऱ्यापैकी पास होतो, तो पसरत नाही, पाजणं थांबवलं की संपतो. म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. पण पास झाला म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत असं कुठेय? तो आरएनए माशीच्या स्वतःच्या एखाद्या जीनशी अर्धवट जुळतो का, मधात किती दिवस उरतो, त्याच फुलावर येणाऱ्या दुसऱ्या माशांच्या पोटात गेला तर काय, याचा डेटा कंपनीच्या कपाटात राहणार की सगळ्यांना बघायला मिळणार, हे प्रश्न आत्ता विचारायचे आहेत. आणि खर्च कोणावर पडणार तेही आधी ठरवून घ्यायचं. २०११ मध्ये युरोपात एक खटला निकाली निघाला, मधपाळाच्या पेट्यांजवळच्या शेतात जीएम मक्याची चाचणी चालली होती, त्याचे परागकण मधात सापडले, आणि न्यायालय म्हणालं की असा मध परवानगीशिवाय विकता येणार नाही. मका त्याने लावला नव्हता, चाचणी त्याची नव्हती, नुकसान मात्र त्याचं. पुढे २०१४ मध्ये युरोपने परागकणाची कायदेशीर व्याख्याच बदलली, पण मधपाळाला आधी विचारायला हवं होतं हा प्रश्न तेव्हाही बाजूलाच राहिला. तेव्हा कुठल्याही चाचणीची, मग ती पाकाची असो, जिवाणूची असो की उद्या माशीची, जागा आणि तारीख आधी जाहीर व्हावी, उडण्याच्या अंतरातल्या प्रत्येक पेटीवाल्याला लेखी कळवलं जावं, आणि नुकसान झालं तर भरपाई चाचणी करणाऱ्याने द्यावी. आणि हाच फॉर्म, एकही रकाना न गाळता, परदेशातून साधी "नैसर्गिक" राणी आयात करणाऱ्यालाही भरायला लावावा.